दगड डावीकडंच का जातोय?

आज बेळगावात फरशीवरचं कर्लिंग, म्हणजे दगड सरकवत लक्ष्याच्या जवळात जवळ न्यायचा खेळ. बर्फ नको, झाडू नको. दगडाखाली तीन फिरत्या गोळ्या (बॉल बेअरिंग), त्यावर तो घरंगळतो. लाल चार, निळे चार.

सकाळी एक निळा सारखा डावीकडं वळत होता. उलटा करून बघितलं, तर एका गोळीत केस आणि आपली लाल माती. कोरड्या फडक्यानं पुसायचं, तेल अजिबात नाही, त्यावर धूळ आणखी चिकटते. फरशीच्या सांध्यावरही दगड उडतो, म्हणून पट्टा सलग जागी आखावा.

हात उचलत नसेल त्याला उतरती घसरपट्टी, दगड तिच्यावरून सोडायचा. दिशा खेळाडूच सांगणार, मदतनीस फक्त घसरपट्टी हलवणार (मदतनिसांना हेच जड जातं!). आणि व्हीलचेअरचे ब्रेक आधी लावा. नाहीतर दगड पुढं, खुर्ची मागं.