चार गुंठ्यांतली येळवस

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, शेताची पूजा करून शेतातच जेवायचा आमच्याकडचा सण. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस पडतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात आणि ज्याला शेत नाही तोही कुणाच्या तरी शेतात भज्जी, म्हणजे भाज्या-शेंगांची मिसळ भाजी, खायला जातो. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही! पण मागच्या हिवाळ्यात जर्मनीत, लाइपझिगमध्ये, हे सगळं मला मोडक्यातोडक्या जर्मनमधून सांगावं लागलं.

इथं भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बागांच्या वसाहती असतात, श्रेबरगार्टन. हे नाव ज्या संस्थेमुळे रूढ झालं ती 1864 मध्ये याच शहरात निघाली. कायद्यानं बाग 400 चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, म्हणजे आपले जेमतेम 4 गुंठे. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका वयस्कर बाईंची अशी बाग आहे. येळवशीबद्दल ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग माझ्या बागेत करू या की."

मी हो म्हणाले आणि धास्तावले. इथं मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात दोनदा घोकते. त्यात आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं, "लई हसू नको, रडायची पाळी येईल." आनंद झाला की आधी छातीत धडधड, ही सवय सोबत घेऊनच मी विमानात बसले होते. आंबिलाचा आंबट वास त्यांना सोसेल का, जमिनीवर बसतील का, आपण आपल्याच देशाचं हसं करून घेऊ का? आईला फोन केला तर ती म्हणाली, "कर की गं. शेताची पूजा करायला कुणाची लाज?"

त्या रात्री दुष्काळातली येळवस आठवली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याच्या तीनेक महिने आधीची. ज्वारी गुडघ्याला लागली नव्हती, पानं करपलेली. तरी आजोबांनी कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपटी, उभी केली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले आणि शेजारपाजाऱ्यांना जेवायला बोलावलं. नीट पाहिलं तर येळवस चांगल्या सालीही पीक घरात येण्याआधीच असते. ज्वारी उभी असते, हरभऱ्याला घाटे धरायचे असतात, खळं लांब असतं. पुढं अवकाळी येईल की गारा पडतील, कुणाला ठाऊक नसतं. तरी आपण त्या उभ्या पिकात पोटभर जेवतो. आजोबांना भीती नव्हती असं नाही. कर्जाचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. भीती मिटल्यावर सण करू असं म्हणत बसले असते तर त्यांची एकही येळवस झाली नसती.

बागेत हिवाळ्यात नळ बंद असतात, म्हणून पाणी घरून नेलं. सूर्यफुलाच्या वाळक्या ताटांची कोप केली. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील. मशाल पेटवायला बागेच्या नियमात मनाई, तेवढं राहिलं.

जेवताना मी पाण्याच्या रेल्वेचं सांगायला लागले. आमच्या गावाला प्यायला पाणी नव्हतं, हे मी इथं कुणालाच कधी बोलले नव्हते. अर्ध्यातच आवाज फुटला, व्याकरण कुठल्या कुठं गेलं आणि सगळ्यांसमोर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी ते पुसलं नाही, बोलत राहिले. मग त्या बाई सांगू लागल्या, की युद्धानंतरच्या उपासमारीत त्यांच्या आईनं याच बागेतल्या बटाट्यांवर घर जगवलं. इतकी वर्षं सोबत काम करून हे आम्ही एकमेकींना सांगितलं नव्हतं.

शेवटी आंबील शिंपडत आम्ही बागेला फेरी मारली. "ओलगे ओलगे" ही येळवशीची आरोळी मी आधी हळूच म्हटली. माझा मुलगा खच्चून ओरडला, तशी मीही ओरडले, अगदी आपल्या शिवारात ओरडायचे तशी. पलीकडच्या बागेतले आजोबा कुंपणापाशी येऊन बघायला लागले. मी त्यांनाही भज्जीची वाटी दिली. त्यांनी ती उभ्यानं संपवली आणि अजून मागितली.