तुम्ही विचारलंत म्हणून: रावेरहून शिडाच्या नावेपर्यंत

केळीची गाडी भरताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलं तरी लोक विचारतात, "काय भो, आपल्याकडे समुद्र नाही, बंदर नाही. दर हिवाळ्यात मुंबईला जाऊन त्या शिडाच्या नावेत काय ठेवलंय?"

वारा. खरं सांगतो, वाऱ्यासाठीच जातो.

लहानपणी खळ्यात आजोबा तिवईवर उभे राहून ज्वारी उफणायचे. वारा पडला की त्यांचे हात थांबायचे. मग ते चिमूटभर भुसा सोडून बघायचे, कुठून येतोय. पुढे मी केळीत पडलो आणि वाऱ्याशी वैरच झालं. वारा अडवायला बांधाला शेवरीची झाडं लावली तरी उन्हाळ्यातलं एक वादळ घडाला आलेली बाग आडवी करतं. एकदा माझी झाली. त्याच वाऱ्याला पुन्हा आपलं म्हणता आलं ते मित्राच्या नावेवर.

नाव तीस फुटी आहे, आणि माझ्या मते मापात आहे. याहून लहान नावेत अंग आवरून बसावं लागतं, रात्री पाठ टेकायला जागा नसते. फार मोठीला खलाशी ठेवावे लागतात. ही दोघांना आवरते, खाली चौघं निजतात. मी घरून कळण्याच्या भाकरी आणि बामणोदच्या वांग्यांचं भरीत नेतो. नांगर टाकून, गार हवेत ते खाताना जी चव लागते ती घरी लागत नाही.

सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो. ऊन चढलं की तो पडतो, पाणी तेलासारखं सपाट होतं. दुपारी वायव्येकडे पाण्यावर काळसर रेघ दिसते: समुद्रावरून येणारा खारा वारा आला. इंजिन बंद करायचं, शीड भरतं, नाव कलते. पहिल्यांदा मी काठ घट्ट धरला होता. मित्र म्हणाला, तळाखाली जड कणा आहे, नावेच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा. ती कलली की तोच तिला सरळ ओढतो. वेग म्हणाल तर फार तर ताशी ११-१२ किलोमीटर, सायकलीएवढा. पण सुकाणूच्या दांड्यातून पाण्याचा जोर तळहाताला कळतो, आणि याहून जास्त वेगाची मला घाई नाही.

मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावरच्या मांडव्याकडे जाताना वारा मागून-बाजूने मिळतो. परतताना तो तोंडावर. थेट वाऱ्यात नाव चालत नाही, साधारण ४५ अंशांचा तिरपा मार्ग धरावा लागतो, मग वळून दुसरा तिरपा. सातपुड्याच्या घाटात गाडी वळणं घेत चढते तसं. मला ही परतीची वाटच जास्त आवडते. वळताना नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, वाऱ्यासमोरून जाते, शीड सैल पडून जोरात फडफडतं, दोर हातात नुसता लोंबतो. मित्र काही बोलत नाही, मीही नाही. मग दुसऱ्या अंगाने वारा शिडात शिरतो, कापड ताणलं जातं आणि दोर पुन्हा हाताला ओढ देतो.