तीन गेर्ट्रूड, सात नवरे आणि एक ड्यूक

आमचं काम सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही वंशावळी बनवतो. बनवत नाही, साफ करतो. युरोपातल्या एका कंपनीचा डेटा पुण्यात आमच्याकडे येतो. लोक आपापल्या घराण्याच्या फाइली तिथे अपलोड करतात, सिस्टिम सारख्या दिसणाऱ्या नोंदी आपोआप मर्ज करते आणि त्यातून काही अशक्य तयार झालं की आम्हाला फ्लॅग येतो, म्हणजे ती नोंद तपासा अशी खूण. मुलगा आईच्या आधी जन्मला, कुणी १९० वर्षं जगलं, हे रोजचं, त्याला फार विचार लागत नाही. पण मागे एक फ्लॅग आला तो अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

व्यक्ती स्वतःचीच पूर्वज आहे, असा फ्लॅग. व्यक्ती कोण, तर हेन्री द लायन, सॅक्सनी आणि बव्हेरियाचा ड्यूक, मृत्यू ११९५. म्युनिकची सुरुवात ज्याच्या ११५८ च्या पूल आणि बाजाराच्या भांडणातून धरतात तोच. सिस्टिमच्या मते हा स्वतःच्याच आईचा बाप होता.

असा फ्लॅग आला की आमच्यातले बरेच जण सगळ्यात नवी लिंक तोडतात आणि टिकेट बंद करतात. महिन्याच्या रिपोर्टात आकडे छान दिसतात पण डेटा तसाच सडका राहतो, फक्त लूप, म्हणजे नात्यांचा तो गोल फेरा, दिसेनासा होतो. मला ते जमत नाही, म्हणून मी आईची नोंद उघडली. नाव गेर्ट्रूड, जागा ब्राउनश्वाइग, आणि पुढे वडील तीन, नवरे सात.

सात नवरे बघून शेजारचा मुलगा म्हणाला, "ताई, डिलीट करून टाका ना सरळ, कुणीतरी फालतूपणा केलाय." पण तो फालतूपणा नव्हता. सातही नवरे खरे होते, फक्त एकीचे नव्हते.

पहिली गेर्ट्रूड म्हणजे ब्राउनश्वाइगच्या जुन्या ब्रुनो घराण्याची. तिचा भाऊ एगबर्ट १०९० मध्ये मारला गेला, घराण्यात पुरुष उरला नाही आणि ब्राउनश्वाइगची मालमत्ता हिच्याकडे आली. हिची लग्नं तीन. हिची मुलगी रिचेंझा, ती सम्राट लोथारची बायको. त्या दोघांची एकुलती एक मुलगी म्हणजे दुसरी गेर्ट्रूड, जन्म १११५. हिचं लग्न ११२७ मध्ये बव्हेरियाच्या हेन्री द प्राउडशी झालं, लायन त्यांचाच मुलगा, आणि प्राउड गेल्यावर ऑस्ट्रियाच्या हेन्री यासोमिरगॉटशी, आणि ११४३ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. तिसरी गेर्ट्रूड लायनची पहिल्या बायकोपासूनची मुलगी. तिचा पहिला नवरा स्वाबियाचा ड्यूक फ्रेडरिक, तो ११६७ मध्ये रोमहून परतणाऱ्या सैन्यात साथ पसरली त्यात गेला, नंतर ती डेन्मार्कच्या राजा कनूटची राणी झाली. तीन अधिक दोन अधिक दोन.

आता मशीनने या तिघी एक का केल्या, ते सांगते, कारण मला राग त्याचाच आहे. मॅचिंगला गुण असतात. नाव सारखं, जागा सारखी, जवळच्या नात्यातलं नाव सारखं. पहिलीचे दोन नवरे हेन्री, दुसरीचे दोन्ही नवरे आणि मुलगा हेन्री, तिसरीचा बाप हेन्री, म्हणजे गुण भरपूर. यातून वाचवणारी गोष्ट एकच, तारीख. तारखा जुळल्या नाहीत की गुण दणकून कमी होतात. पण तारीख रिकामी असेल तर शून्य, कमी नाही की जास्त नाही. आणि लोकांनी अपलोड केलेल्या फाइलींमध्ये बायकांच्या तारखा रिकाम्याच असतात हो! मी मुद्दाम बघितलं. हेन्री नावाच्या प्रत्येक पुरुषाला निदान मृत्यूचं वर्ष होतं. गेर्ट्रूडच्या नोंदींना "हेन्रीची बायको", "हेन्रीची मुलगी" एवढंच. दुसरीची जन्माची आणि मृत्यूची तारीख इतिहासात चक्क दिवसासकट मिळते, पण ती टाकायची तसदी कुणी घेतली नव्हती. अपलोड करणाऱ्यांना सम्राट शार्लमेनपर्यंत पोचायची घाई, वाटेतली बाई म्हणजे फक्त जोडणी.

आणि या ड्यूकच्या बाबतीत तर हे फारच लागतं, कारण त्याच्याकडे जे होतं ते बहुतेक बायकांकडून आलेलं. ब्राउनश्वाइग, जिथे त्याने आपला तो ब्रॉन्झचा सिंह उभा केला, ते गेर्ट्रूड, रिचेंझा, गेर्ट्रूड असं आईकडून मुलीकडे तीन पिढ्या येत त्याच्यापर्यंत पोचलं. सॅक्सनीवरचा हक्क एकीकडून आईचा, दुसरीकडून वडिलांच्या आईचा, वुल्फहिल्डचा, ती सॅक्सनीच्या बिलुंग घराण्यातल्या शेवटच्या ड्यूकची मुलगी. तिची बहीण आयलिका, तिचा मुलगा अल्बर्ट द बेअर, म्हणजे लायनच्या बापाचा मावसभाऊ, त्याने सॅक्सनीसाठी भांडण मांडलं तेही याच नात्यावर. अहो, वेल्फ हे लायनच्या घराण्याचं नावसुद्धा बाईकडून आलेलं. पुरुषांची ओळ १०५५ मध्येच संपली होती, मुलगी कुनिगुंडे इटलीत एस्टेच्या आत्सोला दिलेली, तिचा मुलगा आणून गादीवर बसवला. सम्राट बार्बारोसा हा लायनचा आतेभाऊ, तिथेही दुवा आत्या युडिथच. त्याच आतेभावाने ११८० मध्ये सॅक्सनी आणि बव्हेरिया दोन्ही काढून घेतले. मग लायन आसऱ्याला गेला तो सासऱ्याकडे, इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे, कारण दुसरी बायको मटिल्डा त्याची मुलगी. ११८४ मध्ये धाकटा मुलगा विल्यम विंचेस्टरला जन्मला, आणि त्या विल्यमची ओळ पुढे हॅनोव्हरमार्गे व्हिक्टोरिया राणीपर्यंत जाते, जिच्या नावाने मुंबईचं व्हीटी होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव गळतं ना, तसं या फाइलींमध्ये होतं, जमीन तिच्यामुळे आणि नाव मात्र नाही.

नोंद सोडवायला बराच वेळ गेला. आमच्याकडे अनमर्जचं बटण आहे पण ते शेवटचं मर्जच उलटवतं आणि इथे मर्जवर मर्ज झालेले. मग एकेक सोर्स हातात घेऊन, हा कुठल्या गेर्ट्रूडबद्दल बोलतो ते ठरवून, नवे तीन रेकॉर्ड हाताने बांधले. नवऱ्यांपैकी यासोमिरगॉट पटकन सुटला, कनूटही. सगळ्यात चिवट पहिलीचे नवरे, कारण त्यातल्या नॉर्थाइमच्या हेन्रीला कुणीतरी हेन्री द प्राउडमध्ये घुसवून ठेवलेलं, तो आधी बाहेर काढावा लागला. शेवटी लूप गेला आणि ब्राउनश्वाइगची ती ओळ स्क्रीनवर सलग दिसली तेव्हा मला खरंच आनंद झाला.

हेन्रीला स्वतःला हे सगळं नीट माहीत होतं. त्याने हेल्मार्सहाउझेनच्या मठात एक गॉस्पेलची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांची, प्रत करवून घेतली, १९८३ मध्ये लंडनला तिचा लिलाव ८१ लाख पौंडांच्या वर गेला. तिच्यात हेन्री आणि मटिल्डाला स्वर्गातून मुकुट मिळतोय असं चित्र आहे. हेन्रीच्या मागे उभे कोण, तर वडील, मग आई गेर्ट्रूड, मग आईचे वडील लोथार आणि आजी रिचेंझा, डोक्याशी नावं लिहून. वडिलांकडचे आजोबा, खुद्द बव्हेरियाचे ड्यूक, त्यात नाहीत. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाने आई आणि आजी नावानिशी लिहून ठेवल्या आणि आमच्या सिस्टिमने त्याची आई, पणजी आणि मुलगी एका डब्यात कोंबल्या.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं की तारीख रिकामी असेल तर मर्ज आपोआप करू नका, माणसाकडे पाठवा. उत्तर आलं की त्याने रांग फार वाढेल, प्रायॉरिटी लो. वाढेलच की! तो खर्च करायचा नसेल तर वंशावळ विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मीटिंगमध्येही बोलले. तिन्ही गेर्ट्रूडना मी "मर्ज करू नये"चं लॉक लावलंय. पण रिचेंझा राहिली, लायनची आजी आणि त्याच नावाची मुलगी. मटिल्डाही राहिल्या, एक त्याची बायको आणि दुसरी तिच्या वडिलांची आई, सम्राज्ञी मटिल्डा. फ्लॅग आल्याशिवाय त्या रेकॉर्डना हात लावायची परवानगी मला नाही, आणि ऑटोमॅटिक मर्ज पुन्हा चालायचं आहे.