गिरण्या गेल्या, पण त्या नोकऱ्या कुठे गेल्या?

मुंबईत लोअर परळला ऑफिस असलेल्या कोणालाही विचारा कापड गिरण्या का बंद पडल्या, उत्तर ठरलेलं, कामगार नेते दत्ता सामंत आणि त्यांचा संप. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले हे खरंय, पण त्याच्या कितीतरी आधीपासून कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर जायला लागलं होतं कारण तिथे मजुरी कमी आणि युनियनची कटकट नाही. संपाने शेवटचा धक्का दिला, एवढंच.

मला खरं तर दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. आर्थर लुईस म्हणून एक अर्थशास्त्रज्ञ होता, कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाचा, १९७९ चं नोबेल त्याला मिळालं. १९५४ मध्ये त्याने मांडलेलं गणित आपल्या कोकणी माणसाला शिकवायची गरजच नाही. शेतात हात जास्त आणि काम कमी, चार भावांतले दोघं मुंबईला गेले तरी भाताचं पोतं कमी होत नाही, त्यामुळे शेतीपेक्षा थोडा जास्त पगार दिला की गिरणीला माणसं मिळतच राहतात, पगार फार वाढवावा लागत नाही, नफा वाढतो, आणि तो नफा मालक नवीन मशीनमध्ये घालतो म्हणजे अजून माणसं लागतात. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरचे लोक असेच आले, गाळ्यात राहिले, खानावळीत जेवले, गावी मनीऑर्डर केली. (उगाच गोड आठवणी नकोत हां, बदलीवाल्याला रोज गेटवर उभं राहून आज काम आहे का बघावं लागायचं आणि कापसाची धूळ छातीत जायची ती वेगळीच.)

पण त्या गणितातली सगळ्यात नाजूक कडी म्हणजे मालकाने नफा परत धंद्यात घालणं. इथे बऱ्याच गिरण्यांत जुनेच माग खडखडत राहिले, पैसा दुसरीकडे गेला, आणि मग कळलं की कापडापेक्षा खालची जमीन महाग आहे. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला असं होतं. २००१ मध्ये दुरुस्ती करून हा हिशोब फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीला लावला, म्हणजे पालिका-म्हाडाचा वाटा पार आटला, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानेही तेच मान्य केलं.

आता कोणी म्हणेल मॉल आले, बँका आल्या, शहर श्रीमंतच झालं ना, सर्व्हिस सेक्टर म्हणजे प्रगती. झालं की श्रीमंत! पण सातवी पास पोराला बँकेत डेस्क मिळत नाही, त्याला मिळते सिक्युरिटीची शिफ्ट नाहीतर बाईकवर पार्सल. गिरणीत त्याच पोराला परमनंट झाला की पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती. वरची नोकरी आहे, खालची आहे, मधलीच नाही. डॅनी रॉड्रिक हा अर्थशास्त्रज्ञ याला अकाली निरुद्योगीकरण म्हणतो (शब्द भयंकर आहे, माहितीय), म्हणजे ब्रिटन, कोरिया आधी श्रीमंत झाले आणि मग त्यांचे कारखाने आटले, आजचे गरीब देश मात्र श्रीमंत व्हायच्या आधीच तिथे पोचतायत. आपल्याकडे २०१४ ला मेक इन इंडिया आलं तेव्हा कारखानदारीचा वाटा जीडीपीच्या २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो अजून १७ च्या खालीच घुटमळतोय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याकडे गाडी उलटीही धावते. संपात पगार थांबला तेव्हा कितीतरी कामगार गावी जाऊन नांगराला लागले, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेच देशभर झालं. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात शेतीतल्या कामगारांचा वाटा २०१८-१९ ला ४२.५ टक्के होता तो २०१९-२० ला ४५.६ झाला. विकासाच्या पुस्तकात हा आकडा कमी होत जातो. मुंबईला बसणाऱ्या धक्क्यांचा विमा गावाने द्यायचा, हप्ताही गावानेच भरायचा, आणि वर आपण म्हणणार की शेतीवर फार लोक अवलंबून आहेत!

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला मोबाईल जोडणाऱ्या कारखान्यांत हजारो मुली कामाला आहेत आणि त्यांच्यासाठी १८ हजारांवर बेडची हॉस्टेल बांधलीयत, पगार फार नाही, शिस्त कडक, लग्न झालेल्यांना घ्यायचं टाळतात म्हणून बोंबही झाली. तरी मी म्हणेन की लुईसचं गणित आज देशात कुठे जिवंत असेल तर तिथे. आपल्याकडे तसा कारखाना उद्या तळोज्याला आला तरी पहिला प्रश्न हाच येणार की त्या मुली राहणार कुठे, कारण गिरणी कामगारांना द्यायची घरंच अजून पूर्ण झाली नाहीत.