पुढे खेद आहे

आमच्या गाडीच्या काचेला एक मडम चिकटलेली असते. म्हणजे तिचा आवाज. तो ज्या डबीतून येतो ती डबी रबरी वाटीने काचेला लावायची. मे महिन्यात काच तापली की वाटी सुटते आणि मडम बोलता बोलता गिअरवर येऊन पडते. बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेलं, रस्ता सांगणारं जीपीएस यंत्र. फोन असताना हे कशाला, म्हणून मुलं हसतात. पण ताम्हिणी घाटात रेंज गेली की फोनवरचा निळा ठिपका करड्या पाटीवर एकटाच उभा राहतो. नकाशा आधी उतरवून घेतला असता तर त्यालाही वाट दिसली असती, हे मान्य. पण ते आठवतं घाटातच. मडमेच्या पोटात नकाशा आहे. तिला फक्त आभाळ लागतं.

अडचण एवढीच, की आपली गावं ती रोमन लिपीतून वाचते. तिथे ड आणि द एकच, आणि ळ तर नाहीच. त्यामुळे पुण्याहून गुहागरकडे जाताना माणगावचं ‘मँगॉन’ होतं, चिपळूणचं ‘चिपलून’, आणि कशेडीच्या पलीकडे ती अगदी शांतपणे सांगते, की पुढे बारा किलोमीटरवर खेद आहे. मागच्या सीटवरून आई म्हणते, “माहेरी जाताना कसला आलाय खेद?”

आईचाही एक नकाशा आहे. त्यात वळणं झाडांवर ठरतात. “चिंच आली, हळू घे.” ती चिंच महामार्ग रुंद करताना गेली, पण आई तिथे अजूनही हळू घ्यायला लावते आणि मीही घेतो. मडमेची गत काही वेगळी नाही. तिच्या नकाशात कशेडीचा बोगदाच नाही. नव्या रस्त्याला लागलो की पडद्यावर आमची गाडी रानातून चाललेली दिसते आणि मडम परत फिरा, परत फिरा म्हणत राहते. बोगद्यात शिरलो की गप्प. बोगद्यातून बाहेर येईपर्यंत गाडीत कोणीच कोणाला रस्ता सांगत नाही. प्रवासातला हा माझा सर्वांत आवडता टप्पा.

उपग्रह हिला रस्ता सांगतात अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. वीस हजार किलोमीटरवरून फिरणाऱ्या त्या उपग्रहांना ना आमची गाडी ठाऊक, ना गुहागर. ते आपले सारखे वेळ सांगत असतात: मी इथे आहे आणि माझ्याकडे आत्ता इतके वाजलेत. तो निरोप खाली पोहोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो, आणि निरोप किती उशिरा आला यावरून तो किती लांबून आला हे डबी ताडते. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरावेत, पण चौथा लागतोच, कारण डबीचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं. उपग्रहांवर अणुघड्याळं आहेत. तीही आपल्या घड्याळांच्या मानाने रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आईन्स्टाईनच्या हिशेबाने हे आधीच धरून त्यांचा वेग बेतलेला असतो. तसं केलं नसतं तर एका दिवसात दहा किलोमीटरची चूक झाली असती, आणि गुहागरच्या बाबतीत दहा किलोमीटर म्हणजे सरळ समुद्र.

हे उपग्रह अमेरिकेचे. मे २००० पर्यंत तिथलं सरकार सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम घोळ घालत असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. शंभर मीटर म्हणजे मामाच्या वाडीत पाच घरं, एक विहीर आणि एक जुना दावा.

हे सगळं वाचल्यावर मला आमच्या कोकणी माणसांबद्दल उगाच आदर वाटायला लागला. अंतर वेळात मोजायचं, हे तर ते कधीपासून करतायत. किती लांब असं विचारलं तर किलोमीटर कोण सांगतो तिथे?

गेल्या मे महिन्यात शृंगारतळी मागे टाकली आणि थोड्या वेळाने मडम म्हणाली, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. आई म्हणाली, “नको.” मी वळलो. समोर पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या खाली उतरत गेलेल्या, दोन्ही बाजूंना गडगे. पडद्यावर मात्र तोच छान पांढरा रस्ता. गडग्यावर एक गृहस्थ कोयती बाजूला ठेवून बसले होते.

“या महिन्यातले तुम्ही तिसरे,” ते म्हणाले. “कोणाकडं?”

मी मामाचं नाव सांगितलं. त्यांनी खिडकीतून आईकडे पाहिलं, मग तिच्या आजोबांपासून सुरुवात करून ओळख पटवली. तेवढ्यात मडम दोनदा म्हणाली, सरळ जा.

“घर किती लांब?” मी विचारलं.

“ह्ये काय, दहा मिनिटं.”

“मी जाते इथूनच,” असं म्हणून आई उतरली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही तक्रारीचे. गृहस्थांनी तिची पिशवी घेतली. “तू ये तुझ्या बाईला घेऊन,” आई मला म्हणाली.

गाडी मागे घ्यायलाच बराच वेळ गेला. मग मोठ्या रस्त्याला लागून, शाळेवरून वळसा, पुढे एका टेम्पोला वाट देण्यासाठी पुन्हा मागे. मामाच्या अंगणात गाडी लावली तेव्हा पाऊण तास झाला होता. आई ओटीवर पाय पसरून बसली होती, कोकम सरबताचा ग्लास रिकामा होता आणि मामी दुसरा आणत होती.

“आलास?” आई म्हणाली. “मला वाटलं, परत खेदाला गेलास की काय.”