पोटोमॅककाठच्या पाट्या

वॉशिंग्टनच्या विमानतळाजवळील शँटिलीत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. या उपनगराचे नाव मुळात व्हर्जिनिया राज्याच्या वेस्टमोरलँड काउंटीतील एका वाड्याचे. ७ जून १७७६ रोजी स्वातंत्र्याचा ठराव मांडणारा रिचर्ड हेन्री ली तेथे राहत असे आणि पुढे त्याच घराण्यातून ते नाव उत्तरेकडे आले. मूळ वाडा आता उभा नाही. तरीही पोटोमॅक आणि रॅपाहॅनक या दोन नद्यांमधली ती जमीन एकदा पाहून यावी, असे फार दिवसांपासून मनात होते.

तीन क्रमांकाचा रस्ता मका आणि सोयाबीनच्या शेतांतून जातो. वाटेत जागोजागी स्थानिक इतिहास सांगणाऱ्या, करड्या रुपेरी रंगाच्या, काळ्या अक्षरांच्या पाट्या लागतात. व्हर्जिनियाने १९२७ साली सुरू केलेली ही योजना देशातील सर्वांत जुन्या योजनांपैकी एक आहे. पाटीच्या माथ्यावर राज्याची मुद्रा असते: पायाखाली अत्याचारी राजाला लोळवून भाला हाती धरून उभी असलेली स्त्री. मजकूर मोजका असला, तरी चालत्या गाडीतून शीर्षकाखेरीज काही वाचता येत नाही आणि रस्त्याकडेची जागाही सगळीकडे प्रशस्त नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज घेऊनच थांबावे.

पोप्स क्रीकच्या काठी जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म झाला. खरे तर खूण रोवण्याची हौस किती अवघड असते, हे पाहायला याहून चांगली जागा नाही. १८१५ साली वॉशिंग्टनच्या पत्नीच्या नातवाने, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसने, येथे एक शिळा बसवली आणि तिच्यावर जुन्या कालगणनेप्रमाणे ११ फेब्रुवारी १७३२ ही तारीख कोरली. आज आपण २२ फेब्रुवारी म्हणतो तोच हा दिवस. ती शिळा कालांतराने नाहीशी झाली. १८९६ साली ग्रॅनाइटचा स्तंभ आला, पण स्मारकगृह बांधायचे ठरल्यावर तो उचलून प्रवेशमार्गावर नेऊन उभा करावा लागला. १९३१च्या सुमारास पुरे झालेले ते विटांचे घर सुंदर आहे. मात्र मूळ घर १७७९ सालीच जळाले होते आणि ते कसे दिसत होते याचे विश्वसनीय चित्र कोणापाशीच नव्हते. पुढे जवळच दुसरा पाया सापडला. त्याची आखणी आज जमिनीवर कालवांच्या पांढऱ्या शिंपल्यांनी केलेली आहे. हाच जन्मघराचा पाया, अशी बराच काळ समजूत होती. अलीकडच्या संशोधकांनी तिच्यावरही शंका घेतली आहे. मला स्वतःला ती शिंपल्यांची रेघ विटांच्या घरापेक्षा अधिक प्रामाणिक वाटली.

स्ट्रॅटफर्ड हॉल हा ली घराण्याचा वाडा. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे दोघे भाऊ आणि पुढे यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच घराण्यातले. तो नीट राखलेला आहे, त्याच्याविषयी सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून मी तेथे रेंगाळलो नाही.

नॉमिनी हॉलची गोष्ट वेगळी आहे. या वाड्याचा मालक रॉबर्ट कार्टर तिसरा हा व्हर्जिनियातील मोठ्या धनिकांपैकी एक होता. १ ऑगस्ट १७९१ रोजी त्याने एक बक्षीसपत्र केले आणि त्यात आपल्या साडेचारशेहून अधिक गुलामांची नावे, त्यांची वये आणि ते कोणत्या मळ्यावर राहतात, हे लिहून त्यांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची व्यवस्था लावली. यादवी युद्धापूर्वी एकाच मालकाने केलेली ही अमेरिकेतली सर्वांत मोठी मुक्तता मानली जाते. शेजारच्या जमीनदारांना ती मुळीच रुचली नाही. कार्टर १७९३ साली बाल्टिमोरला निघून गेला आणि वाडा १८५० साली जळाला. शेजारच्या राष्ट्राध्यक्षांच्या जन्मस्थळांना, वॉशिंग्टनच्या आणि जेम्स मन्रोच्याही, जेवढा मान मिळतो त्याच्या तुलनेत या माणसाचे आणि त्या साडेचारशे नावांचे स्मरण फार उशिरा आणि फार थोडे झाले, असे मला वाटते. मॉन्ट्रॉसजवळची ए. टी. जॉन्सन हायस्कूलची इमारत पाहताना हेच पुन्हा जाणवले. शाळा पृथक होत्या त्या काळात, १९३७ साली, ही कृष्णवर्णीय मुलांसाठी उभी राहिली. महाविद्यालये सोडाच, सरकारी हायस्कूलचे शिक्षणही त्यांना तोवर काउंटीत मिळत नव्हते.

संध्याकाळी कलोनियल बीचला पोहोचलो. येथे नदीचे पात्र व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील ओहोटीच्या रेषेपर्यंत पलीकडच्या मेरीलँड राज्याचे आहे, ही इंग्लंडच्या राजाने मेरीलँडसाठी दिलेल्या १६३२ च्या सनदेची देणगी. त्यामुळेच १९५०च्या दशकात व्हर्जिनियात जुगाराला बंदी असताना या गावच्या धक्क्यांवर, पाण्याच्या बाजूला, जुगाराची यंत्रे राजरोस चालत. कालवांची चोरटी काढणी करणारे व्हर्जिनियाचे कोळी आणि मेरीलँडची गस्त यांच्यात गोळीबार होत. १९५९ साली त्यात एक माणूस मारला गेला. १९६२ पासून नदीतल्या मासेमारीचा कारभार दोन्ही राज्यांच्या संयुक्त आयोगाकडे आहे आणि त्याचे कार्यालय याच गावात आहे.