तुम्ही विचारलंत म्हणून: डिझाइन शिकायला सुरुवात कुठून करू?

"ग्राफिक डिझाइन शिकायचंय, सध्या कुठला ट्रेंड चालू आहे, इन्स्पिरेशन कुठून घेऊ आणि कोर्स कुठला लावू?" हा प्रश्न मला सारखा येतो, आणि दोन ओळीत उत्तर देऊन बघितलंय मी बऱ्याचदा, पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

माझं उत्तर असं आहे की तुम्हाला आवडलेलं एक जुनं काम घ्या आणि ते पहिल्यापासून स्वतःच्या हाताने परत बनवा. अगदी तसंच्या तसं, मापासकट. विकायला नाही, पोर्टफोलिओत टाकायला तर अजिबात नाही, फक्त कळावं म्हणून.

मी हे पहिल्यांदा केलं ते स्विस ग्राफिक डिझायनर योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांच्या बीथोव्हनच्या पोस्टरवर. १९५५ सालचं, झुरिकच्या टोनहाले या संगीत सभागृहातल्या मैफलीचं, काळ्यापांढऱ्यात, थोडासा मजकूर आणि त्याच्याभोवती फिरणारे जाड गोलाकार पट्टे. मला वाटलेलं नजरेच्या अंदाजाने काढले असतील. तसेच काढायला गेले तर माझे पट्टे नुसते जाड दिसत होते, फिरत नव्हते, आणि का ते काही केल्या कळेना. मग मोजायला बसले. बघते तर प्रत्येक पट्टा आधीच्याच्या दुप्पट रुंद. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. आणि वर्तुळाचे बत्तीस सारखे भाग पाडले की पट्ट्यांची टोकं बरोबर त्या रेषांवर येऊन थांबतात! संगीत चढत जातं ते कागदावर दाखवायला त्या माणसाने ना वाद्य काढलं ना चेहरा, नुसतं दुप्पट करत गेला. हे मी ग्रिडवरचे (म्हणजे पानावर मांडणीसाठी आखलेल्या अदृश्य चौकटींवरचे) कितीतरी व्हिडिओ बघून शिकले नव्हते, ते त्या एका संध्याकाळी मोजपट्टी लावल्यावर कळलं.

आता ट्रेंडचं. ट्रेंड बघा, जरूर बघा, पण तो कुठल्या अडचणीवर निघाला हे आधी शोधा. पूर्वी आयफोनवर पुस्तकांचं ॲप म्हणजे लाकडी फळ्या असायच्या आणि नोट्स म्हणजे पिवळा कागद, कारण काचेवर बोट फिरवायची लोकांना सवय नव्हती, ओळखीची वस्तू दिसली की हात आपोआप जायचा. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ या सिस्टिमने ते सगळं काढून सपाट केलं (मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनवर ते २०१० लाच केलं होतं), तोवर लोकांना सवय झालेली होती. पण सगळंच सपाट झाल्यावर बटण कुठलं आणि नुसता मजकूर कुठला हे कळेना, मग २०१४ ला गूगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइनपद्धतीत सावल्या परत आल्या. २०२० च्या आसपास न्यूमॉर्फिझम नावाची शैली आली, मऊ फुगीर बटणं, बॅकग्राउंडच्याच रंगाची, स्क्रीनशॉटमध्ये फार गोड दिसायची पण वापरायला घेतली की कडाच दिसेनात. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजेडातला फरक) हवा असा वेबचा ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे सगळ्यांना वापरता यावं यासाठीचा, नियम आहे, आणि तो नुसता फॉर्म भरायचा नियम नाहीये, नजर कमी असलेला माणूस त्याच्यावर अवलंबून असतो. २०२५ मध्ये ॲपलने काचेसारखा इंटरफेस आणला, तिथेही वाचता येत नाही म्हणून तक्रारी झाल्या आणि नंतर ती काच कमी पारदर्शक करायची सोय द्यावी लागली. काच तरी कुठे नवीन आहे, विंडोज व्हिस्टात होतीच की २००७ ला. म्हणजे ट्रेंड पाठ करण्यापेक्षा त्याने काय सोडवलं आणि काय बिघडवलं हे बघायची सवय लागली ना, की पुढचा ट्रेंड आल्यावर घाबरायला होत नाही.

इन्स्पिरेशनसाठी पिंटरेस्ट, बिहान्स, ड्रिबल या साइट सगळे सांगतात, मीही बघते, पण पिंटरेस्ट तुम्हाला तुमच्याच आवडीचं परत परत दाखवत राहतं आणि थोड्या दिवसांनी सगळ्यांचं काम एकमेकांसारखं दिसायला लागतं. त्यापेक्षा मुळाशी जा. फॉन्ट्स इन यूज या साइटवर एखादा टाइपफेस (अक्षरांची एक शैली) घेऊन तो खरोखरच्या कामात कुठे कुठे वापरलाय ते बघत बसा, वेळ कसा जातो कळत नाही. लेटरफॉर्म आर्काइव्ह या संग्रहाने जुनी कामं मोठ्या स्कॅनमध्ये ऑनलाइन ठेवलीत. आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे नासाचं १९७५ चं ग्राफिक्स स्टँडर्ड्स मॅन्युअल (लोगो, रंग, अक्षरं कशी वापरायची त्याच्या नियमांचं पुस्तक), रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांच्या स्टुडिओचं, नासाच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. तो लाल, आडवी रेघ नसलेल्या ए चा लोगो लेटरहेडवर कसा, गाडीवर कसा, विमानावर कसा, एकेक पान बघा. लोगो काढणं हे कामाचा लहानसा तुकडा आहे हे मला तिथे समजलं. १९९२ ला तो लोगो बंद केला होता आणि २०२० मध्ये परत आणला, यावरूनच काय ते समजा.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. इंकस्केप, पेनपॉट ही डिझाइनची सॉफ्टवेअर फुकट आहेत, फिग्मा या तशाच सॉफ्टवेअरचीही फुकटातली सोय सुरुवातीला पुरते. कोर्सच हवा असेल तर कोर्सेरा या साइटवर कॅलआर्ट्स या अमेरिकन कला संस्थेचा आहे, पायापासून शिकवतात. कर्निंगसाठी (दोन अक्षरांमधलं अंतर जुळवण्यासाठी) कर्नटाइप नावाचा छोटा गेम आहे, रोज पाच मिनिटं खेळा, डोळा तयार होतो.

एक मात्र आपल्या लिपीत काम करणाऱ्यांना सांगायलाच हवं, ट्युटोरियल्स बहुतेक सगळी रोमन लिपीसाठी असतात. हेडिंगमध्ये अक्षरं लांब लांब ठेवा म्हणतात, देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दच विखुरतो. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच, म्हणजे महत्त्वाचं काय ते जाडी, आकार आणि मोकळ्या जागेतूनच दाखवायचं. ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मुक्तासारखा फॉन्ट घ्या, हलक्यापासून जाडपर्यंत बऱ्याच वजनांत मिळतो, आणि हे सगळं करून बघा.

मी ते बीथोव्हनचं पोस्टर पुढे देवनागरीत करून बघितलं. पट्टे जमले होते पण नाव काही बसेना, वेलांटी आतल्या पट्ट्याला जाऊन लागायची, आकार लहान केला तर नावच दिसेना. दोन दिवस मजकूर वरखाली सरकवत होते. शेवटी शिरोरेखा वर्तुळाच्या मध्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेवर ठेवली, आणि नाव जागेवर बसलं.